जांभळी पाहायला आलेले पाहुणे

कोराडीच्या आमच्या क्वार्टरमध्ये सकाळ व्हायची ती पॉवर स्टेशनच्या भोंग्यानं, आणि भोंगा पुरता विरायच्या आत आईची हाक यायची. "रंजू, उठ वं! पाह्य बरं, हे काय निघालं? दांडी का मूळ?" मी पांघरुणातूनच ओरडायचे, "मूळ!" आणि कूस बदलायचे. न बघता दिलेलं हे उत्तर शंभरातून नव्वद वेळा बरोबर निघायचं, कारण ऑर्किडला मुळं उदंड येतात आणि फुलांची दांडी येते वर्षातून एकदा, तीही तिची मर्जी असेल तर. पण आईला ते पटायचं नाही. ती पांघरूण ओढायची, मला खिडकीपाशी नेऊन उभी करायची आणि पानांच्या बेचक्यात डोकं घालून मी नीट निकाल दिल्याशिवाय चहा मिळायचा नाही. मग मी एकदा बोलायला लागले की चहा गार झाला तरी थांबायचे नाही, हेही तिला ठाऊक होतं. "पुरे वं माय, आता पी," असं म्हणत ती हसायची. त्या झाडाचं नाव आम्ही जांभळी ठेवलं होतं, फुलाच्या रंगावरून. बाबा तिला 'तुमची ते बिनामातीची' म्हणायचे.

बाबा बॉयलरवर होते. त्यांच्या शिफ्टप्रमाणे आमचं घर जागं व्हायचं आणि गप्प व्हायचं. ते दिवसा झोपले की आई भांडी फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि आम्ही दोघी खुणांनी बोलायचो. पण मधूनच स्टेशनात वाफ सोडायचे, कानठळ्या बसवणारा तो आवाज चालायचा, आणि त्यात बाबा घोरत असायचे. बाहेरून आलेले पाहुणे घाबरून उठायचे, आम्ही जेवत राहायचो. राख तर घरातल्या माणसासारखीच होती. तारेवरचे कपडे आधी झटकायचे, मग घडी करायची, पापडावर पातळ लुगडं घालायचं, आणि जांभळीची पानं रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसायची. आईचं माहेर भिवापूरचं, त्यामुळे दरसाल मिरचीचं पोतं यायचं. ते उघडलं की आमच्या रांगेतली चार घरं शिंकायची. रविवारी गोळाभात असायचा. वाफाळत्या भातावर बेसनाचे गोळे कुस्करून आई वरून लाल मिरच्यांची फोडणी ओतायची आणि मला म्हणायची, "खा, डोये पुस अन् खा." अजूनही गोळाभात केला की माझे डोळे आधी पाणावतात, मिरची नंतर पडते.

जांभळी आमच्याकडं आली ती अशी. बाबांच्या सेक्शनमधले एक बंगाली साहेब बदली होऊन निघाले, तेव्हा त्यांच्या बाईंनी सामान आवरता आवरता ही कुंडी आईच्या हातात दिली आणि बजावलं, "मिट्टी मत डालना. कोयले में रखना." आता कोराडीत कोयला म्हणजे काय ते सांगायला नको. ट्रकमधून सांडलेला दगडी कोळसा रस्त्याच्या कडेला पडलेलाच असायचा. आईनं टोपलीभर वेचून आणला, हातोडीनं फोडला, जांभळीला त्यात गळ्यापर्यंत रोवलं आणि वरून पाणी दिलं. दोन महिन्यांत मुळं काळी पडून चिखलासारखी झाली. आई रोज साहेबांच्या बाईंना नावं ठेवायची. एके दिवशी मी इस्त्रीचे कपडे आणायला गेले, तर इस्त्रीवाला इस्त्रीत निखारे भरत होता, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. बाई म्हणत होत्या तो लाकडाचा कोळसा! जगात कुठंही ही चूक झाली नसती, ती कोराडीतच व्हायची होती. इस्त्रीवाल्याकडून पिशवीभर कोळसा आणून आम्ही दोघींनी जांभळी धुतली, सडलेलं सगळं कापलं. दोन मुळं उरली. तो उन्हाळा आम्ही तिला कूलरपासून दोन हात दूर ठेवून काढला, खसाचा ओलावा लागेल पण झोत लागणार नाही अशा बेतानं. नवतपात, मेअखेरच्या त्या नऊ दिवसांच्या आगीत, बाबांना घाम फुटायचा आणि ते म्हणायचे, "मले तिकडं बसू द्या, तिले इकडं ठेवा." आम्ही ऐकलं नाही.

पाऊसकाळात एका पानाच्या बुडाशी हिरवा दाणा दिसला. तो दांडी की मूळ यावर आमच्या घरात तीन आठवडे वाद चालला. आई म्हणे दांडी, मी म्हणे थांब. शेवटी ते मूळ निघालं. आई हिरमुसली, आणि मी नाचले, कारण मूळ निघालं म्हणजे जांभळी जगली. तेव्हापासून मी वही केली. त्यात प्रत्येक नवीन कोंब काढायचा, खाली लिहायचं काय वाटतं, आणि पुढं लिहायचं काय निघालं. वर्षभरात मला ते समजलं. मुळाचं टोक गोल असतं, तेलात बुडवल्यासारखं चकचकीत, आणि मागून त्याच्यावर चंदेरी साल चढत येते. पाणी पडलं की ती साल हिरवी होते, वाळली की परत चंदेरी. मूळ कुठूनही निघतं, वेळप्रसंगी पानाचं बूड फोडूनही, आणि वाटेल तिकडं जातं. दांडी मात्र दोन पानांच्या बेचक्यातूनच येते, तिचं टोक थोडं चपटं असतं, बाळाला घालतात त्या हातमोज्यासारखं, अंगठा वेगळा असलेलं. ती उजेडाकडं वर वळते आणि बोटभर झाली की तिच्यावर पेरं दिसतात. जुन्या दांडीच्या पेरावर कधी पानं फुटली तर ते तिसरंच प्रकरण, ते पिल्लू. आणि कळत नसेल तर हात लावायचा नाही, आठ दिवस थांबायचं. हे सगळं मी आईला शिकवलं आणि आई शिकली. ती माझी परीक्षा घ्यायची आणि मी तिची. आमच्या घरात दुसरं खेळण्यासारखं काही नव्हतं.

आज नागपुरातल्या बेसाच्या आमच्या सोसायटीत दर चौथ्या गॅलरीत ऑर्किड आहे. फुललेलं आणतात, फुलं गळली की घाबरतात, आणि मग माझ्या फोनवर फोटो येतात. "काकू, हे स्पाइक आहे ना?" स्पाइक म्हणजे दांडी. बहुतेक वेळा ते मूळ असतं, तसं मी लिहिते. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी खाली एक हसरा चेहरा टाकते. एवढंच.

बारावीचा निकाल लागला आणि मला चांगले मार्क मिळाले. मला नागपूरच्या शेतकी कॉलेजात जायचं होतं. दुसरं काही डोक्यात नव्हतंच. फॉर्म आणला, भरला, फोटो चिकटवला. फक्त वडिलांची सही राहिली होती, आणि बाबा सही करायला तयार नव्हते. आजोबांची सहा एकर काळी, ती काकांच्या गळ्यात घालून बाबा नोकरीला आलेले. "ज्या मातीतून मी जीव घेऊन निंगालो, तठीच पोरीले धाडू का? अन् पैशे भरून?" असं म्हणून ते फॉर्म पाटावरून सरकवायचे. वाद घातला की शिफ्टची वेळ व्हायची. मी रडले, जेवले नाही, मग जेवले. मंगळवार ही शेवटची तारीख होती. शुक्रवारी आईनं मला चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, बोलावलं आणि हळूच म्हणाली, "रंजू, तू आता एक शब्द बोलू नको त्याइच्याशी. रविवार होऊ दे. रविवारी सही तुह्या हातात देतो का नाही पाह्य. माहा शब्द हाये." आईनं आजवर मला शब्द देऊन मोडला नव्हता. मी त्या रात्री गाढ झोपले.

शनिवारी आई म्हणाली, रविवारी सकाळी पाहुणे येऊन राहिले. उमरेड रोडला बी-बियाण्याचं दुकान आहे त्यांचं, बाबांच्या ओळखीतले. "जांभळी पाहायले येतात म्हणे. ऐकलं त्यायनं कुठूनतरी." मला आनंद झाला, आणि लगेच चिंता वाटली. जांभळीला फूल नव्हतं. फुलांचा मोसम थंडीचा, आणि हा आषाढ. एका पानाखाली नवीन काहीतरी आलं होतं खरं, पण ते मूळ होतं, स्वच्छ मूळ. मी म्हटलं, "आई, फूल नाही तं काय पाहतीन ते? मूळ?" आई फडक्यानं ओटा पुसत होती. "दांडी हाये म्हणून सांगजो," ती म्हणाली. मला हसू आलं. मी म्हटलं, "काहून वं? तुले दिसते ना मूळ हाये ते? गोल टोक हाये, चमकून राहिलं." आई म्हणाली, "हो बाप्पा, दिसते. जे असन ते सांग. पण नीट सांग, असं तोंडातल्या तोंडात नको. तू सांगतं तवा मले बी ऐकत राहावंसं वाटते." हे ऐकून मी एवढी सुखावले की पुढं काही विचारलं नाही. या वयात मी स्वतःला त्या ओट्यापाशी उभी बघते तेव्हा त्या पोरीच्या डोक्यात टपली मारावीशी वाटते.

रविवारी आईनं मला मोरपंखी ड्रेस काढून दिला. पाहुण्यांसमोर गबाळी राहशील का, म्हणाली, आणि ते बरोबरच होतं. आलूपोहे केले. पुण्याकडं पोहे म्हटले की पोरींच्या पोटात गोळा येतो म्हणे, पण आमच्या नागपुरात पोहे रोजचेच, वर तर्री, म्हणजे झणझणीत रस्सा, घालून हापसायचे. त्यावरून काही ओळखायची सोय नव्हती. मी सकाळपासून जांभळीच्या मागं होते. पानं दोन्ही अंगांनी पुसली, कुंडीतला कोळसा धुऊन परत रचला, आणि तिला खिडकीतून काढून पुढच्या खोलीत स्टुलावर ठेवलं, आईचा विणलेला रुमाल खाली घालून. चार वर्षांत तिला पहिल्यांदाच कोणी बघायला येत होतं. मी तिला म्हटलंसुद्धा, नीट राहा म्हणून.

पांढऱ्या गाडीतून तिघं उतरले. दुकानाचे मालक, जाड काचांचा चष्मा लावलेले, त्यांची बायको, आणि एक उंच पोरगा. तो गाडी चालवायला आला असावा असं मी ठरवून टाकलं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, बोलत होते ते पावसाचं आणि बियाण्याच्या भावाचं. मी पोह्यांच्या बश्या ठेवल्या आणि दाराशी उभी राहिले, कधी विषय निघतो याची वाट बघत. आईनंच काढला. "रंजू, सांग वं त्यायले जांभळीचं."

मी सांगितलं. देवा, किती सांगितलं! दगडी कोळशाचं सांगितलं, इस्त्रीवाल्याचं सांगितलं, चष्मेवाले खो खो हसले. मुळाला पाणी पाजून ते हिरवं होताना दाखवलं. नवीन कोंब दाखवून म्हटलं, "आई दांडी म्हणते, पण हे मूळ हाये. मी खोटं नाही सांगणार. दांडी थंडीत येईल, तवा परत या." तो उंच पोरगा पुढं वाकला आणि त्यानं विचारलं, "हे असं हवेत राहिलं तं वाळत नाही का?" मी म्हटलं, "हात लावाचा असन तं आधी धुऊन या." तो खरंच उठला आणि अंगणातल्या नळावर हात धुऊन आला. सगळे हसले. मला वाटलं, काय छान माणसं आहेत.

बाई मघापासून कौतुकानं बघत होत्या. त्यांनी विचारलं, "किती वर्षाची हाये?"

मी म्हटलं, "आमच्याकडं येऊन चार वर्षं झाली. आली तवा मराले टेकली होती."

खोलीत एकदम हसू फुटलं. बाबासुद्धा हसले, जे क्वचित हसायचे. मीही हसले, झाडाचं वय ऐकून लोक हसतातच म्हणून. बाई म्हणाल्या, "अंगानं नाजूकच दिसते पण."

"नाजूक कायची? दिसाले तशी. राख, ऊन, सगळं सोसते."

"बरं हाये," बाई म्हणाल्या आणि आईकडं बघून त्यांनी मान हलवली. मग परत माझ्याकडं वळल्या. "अन् सैपाक येते का?"

मी जांभळीकडं बघितलं. खरंच बघितलं. अर्धा क्षण मी विचार करत होते की या बाईंना नक्की काय म्हणायचंय. मग मी आईकडं बघितलं, आणि आईनं नजर खाली घातली. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. बाबा म्हणाले, "येते ना, सगळंच येते. तिच्या मायच्या हाताखाली तयार झाली." तो उंच पोरगा कुंडीतल्या कोळशाकडं बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. माझे हात ओले होते, मूळ भिजवलं होतं ना. ते मी मोरपंखी ड्रेसला पुसले. पुढं काय बोलणं झालं ते मला आठवत नाही. मी नंतर एक शब्दही बोलले नाही एवढं मात्र नक्की, कारण जाताना बाई आईला म्हणाल्या, "लाजली वाटते."

गाडी वळून गेली. आई आत येऊन बश्या गोळा करायला लागली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि विचारलं, "तुले माहीत होतं?"

"काय?"

"सगळंच. ते कायले येऊन राहिले ते."

"माहीत होतं," आई म्हणाली. तिनं खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"मग मले काहून नाही सांगितलं?"

आईनं बशी ओट्यावर ठेवली आणि माझ्याकडं वळली. तिच्या तोंडावर लाज नव्हती, उलट एखादं अवघड काम नीट पार पाडल्यासारखा थकवा होता. "सांगितलं असतं तं तू बोल्ली असती का अशी? खुर्चीवर तोंड शिवून बसली असती, खाली मान घालून. मंग काय पाहिलं असतं त्यायनं? नाक अन् रंग? माही पोरगी नुसती रंगावर पाहून जावं का कोणी? मले पायजे होतं, त्यायनं तुले बोलताना पाहावं. जांभळीचं सांगताना तू कशी दिसतं ते तुले माहीत नाही. मले माहीत हाये."

मी आधीच चिडले होते, पण खरी चिडले ती यानंतर. बाबांनी हे केलं असतं तर मी आदळआपट केली असती आणि मोकळी झाले असते, कारण बाबांकडून मला कसली आशाच नव्हती. पण माझ्याजवळ जे सगळ्यात चांगलं होतं ते एकट्या आईला माहीत होतं. ते तिच्याचसमोर उघडं व्हायचं, सकाळी, चहा गार होताना. तिनं ते बरोबर ओळखलं आणि बाहेरच्या खोलीत स्टुलावर मांडलं. मी तिला म्हटलं, "तू मले विकाले काढलं." आणखीही बरंच बोलले, ते लिहिण्यासारखं नाही.

आई ऐकत राहिली. मग हात धुता धुता म्हणाली, "मले तं मिरची पाहायले येऊन राहिले म्हणून सांगितलं होतं. भिवापूरले. माह्या बापानं. मी वाळवणावर बसून देठं खुडत होती, हात जळून राहिले, नाक गळून राहिलं. चार माणसं उभी राहून पाहत होती. मले वाटलं, व्यापारी हायेत. मी त्यायले मिरची दाखवली, एकएक मोडून दाखवली, बी दाखवलं. मंग एक जण म्हणे, पोरगी कामाची हाये. तो तुहा आजा होता." ती हसली. "काय झालं मले? काही झालं का?"

काय झालं होतं ते मी अठरा वर्षं त्याच घरात राहून बघितलं होतं. बाबा झोपले की भांडी फडक्यात गुंडाळणारी बाई मी बघितली होती.  मला एवढंच कळलं की हे कसं लागतं ते तिला पुरतं माहीत होतं, आणि तरी तिनं केलं.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला उमरेड रोडवरून बाबांच्या मित्राकडं फोन आला आणि मित्र सायकल हाणत निरोप घेऊन आला. होकार होता. शिवाय मालक म्हणाले होते, पोरीला शेतकीचं शिकायचं असेल तर खुशाल शिकू द्या, दुकानाला चांगलंच, लग्नाची घाई नाही. बाबांनी ते दोनदा वदवून घेतलं. मग आईनं फॉर्म त्यांच्यासमोर ठेवला, पेनाचं टोपण काढून दिलं, आणि बाबांनी काहीही न विचारता सही केली. आई तशीच धावत माझ्याकडं आली. मी मागच्या दारात बसले होते. तिचे डोळे भरून आले होते, आनंदानं. "घे," ती म्हणाली. "रविवार म्हटलं होतं ना तुले? माहा शब्द होता का नाही?"

मी फॉर्म घेतला. न घेऊन कुठं जाणार होते? मंगळवार परवावर आला होता. फॉर्म फाडून तिच्या तोंडावर फेकावा असं मनात आलं, आणि मी तो सुरकुती पडू नये म्हणून जपून दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवला. तिनं शब्द मोडला असता तर मला तिच्यावर आयुष्यभर रागवायचा हक्क मिळाला असता. तिनं तो पुरा पाळला होता, आणि वरून मला चांगलं घर पाहून दिलं होतं. मी कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी मलाच वेड्यात काढलं असतं. मैत्रिणींनी काढलंच.

मी कॉलेजात गेले. लग्न तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर झालं, आणि शेवटचं वर्ष मी सासरहून बसनं जाऊन येऊन पुरं केलं. नवरा चांगला निघाला. ज्यानं तेव्हा नळावर हात धुतले, तो आजही आधी विचारतो आणि मग हात लावतो. त्याला मी कधी दोष दिला नाही, कारण त्या खोलीत झाडाबद्दल खराखुरा प्रश्न त्यानं एकट्यानंच विचारला होता. सासूनंही जाच केला नाही. मग बिघडलं काय, असं कोणी विचारलं तर मी पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेचं सांगेन. बाहेरून आलेले परीक्षक होते, वयस्कर, भल्या चेहऱ्याचे. त्यांनी टेबलावरचं एक कापलेलं मूळ उचललं, ऑर्किडचंच, आणि म्हणाले, "हे काय आहे, सांगा. सविस्तर सांगा." त्या हॉलमध्ये त्या मुळाविषयी माझ्याएवढं कुणालाच माहीत नव्हतं. मी तोंड उघडलं आणि आधी त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं, ते मुळाकडं बघताहेत की माझ्याकडं. ते माझ्याकडं बघत होते. कुणाला प्रश्न विचारला की माणूस त्याच्याकडंच बघतो, त्यात काही वावगं नव्हतं. पण मी कोरडेच हात ड्रेसला पुसले. "मूळ," मी म्हटलं. "बरं, पुढं?" ते म्हणाले. पुढं मला काही बोलता आलं नाही.

ते पुन्हा कधी नीट जमलं नाही. दुकानात गिऱ्हाईकाला मी बियाणं देते, औषधाचं प्रमाण लिहून देते, जेवढ्यास तेवढं. कुणी कौतुकानं ऐकायला लागलं की माझं वाक्य मध्येच आटपतं. पोरांना लहानपणी गोष्टी सांगायचं काम नवऱ्याचं होतं.

बाबा गेल्यापासून आई आमच्याकडं बेसाला असते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण बारीक दिसत नाही. गॅलरीतल्या कुंड्यांवरून ती हात फिरवत बसते. आमचं बरं चाललंय. मी तिची वेणी घालते, तिला गोळाभात करून घालते, त्या रविवारबद्दल आम्ही बोलत नाही. मध्यंतरी मी एकदा विषय काढायचा म्हणून काढला, तर ती म्हणाली, "कोणता रविवार वं?"

परवा वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या बाई त्यांची ऑर्किडची कुंडीच उचलून घेऊन आल्या. तरुण होत्या, हौशी होत्या. नवीन कोंबाला त्यांनी काडी बांधून ठेवली होती. "दांडी आहे ना हो काकू? आता फुलं येतील ना?" मी बघितलं. म्हटलं, "मूळ आहे. काडी सोडा." त्या तशाच थांबल्या, माझ्या तोंडाकडं बघत, मी आणखी काही सांगेन म्हणून. कसं ओळखायचं, दांडी कधी येते, तिला काय लागतं. त्यांना खरोखर ऐकायचं होतं. मी चहा टाकते म्हणाले आणि आत गेले.

पाणी उकळायला लागलं तेव्हा बाहेरून आईचा आवाज आला. ती त्या बाईंची समजूत काढत होती.

"मनावर नका घेऊ बाई. रागानं नाही गेली ते. माही रंजू पहिल्यापासूनच कमी बोलते. लहान होती तवापासून अशीच हाये."

मी गॅसपाशी उभी राहून कान देऊन ऐकलं. आईच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. तिला खरंच तसंच आठवत होतं.